पार्श्वभूमी : थांबलेली पेशी म्हातारी कशी ठरली?

शरीराबाहेर नीट पोसली तर पेशी विभागतच राहते, असा समज १९६१ पर्यंत पक्का होता. १९१२ मध्ये काचपात्रात ठेवलेल्या कोंबडीच्या हृदयपेशी ३४ वर्षे वाढल्याचा दाखला त्यासाठी दिला जाई. तसे पुढे कुणालाच जमले नाही. १९६१ मध्ये मानवी गर्भाच्या पेशी साधारण ५० विभाजनांनंतर थबकल्या. त्या मेल्या मात्र नव्हत्या.

या थबकण्याला ‘सेनेसन्स’ म्हटले गेले, मराठीत त्याचे ‘वार्धक्य’ झाले आणि घोटाळा इथेच सुरू झाला. नागपुरात बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र एकत्र घेणाऱ्याला हा शब्द दोनदा भेटतो. पानाचा सेनेसन्स म्हणजे आपला नत्र झाडाला परत देत पिवळे पडणे, शेवटी गळणे. माणसाची थबकलेली पेशी उलट मरणालाच दाद देत नाही. खाते-पिते, फक्त विभागत नाही.

या घोटाळ्यात पेशीच्या तात्पुरत्या विसाव्याचीही भर. काटोल-नरखेडकडे आंबिया बहारासाठी संत्र्याला ताण देतात. पाणी तोडले की झाड विसावते, सोडले की फुलते. पेशीचा विसावा असाच. यकृताच्या पेशी एरवी निवांत असतात, यकृताचा तुकडा काढला की पुन्हा विभागू लागतात. डीएनए बिघडला की पी-५३ प्रथिन पी-२१ या दुसऱ्या प्रथिनाला वाढवून विभाजनाच्या चक्राला ब्रेक लावते. दुरुस्ती झाली तर तोही सुटतो. सेनेसन्सचा ब्रेक सहसा सुटत नाही. त्याला संत्र्याच्या बागेतला ‘सल’ (वाळकी फांदी) हा शब्द वापरावा, तर सल वाळलेली असते, ही पेशी जिवंत. ‘वार्धक्य’ हा शब्द तर, माझ्या मते, सर्वांत वाईट निवडला गेला.

कारण वय हे थांबण्याचे एकच कारण नाही. गुणसूत्रांची टोके झिजणे हे एक. १९९८ मध्ये टेलोमरेज हे टोके पुन्हा बांधणारे विकर घालून ती झीज भरली आणि पेशी पुढे विभागत राहिल्या. पण १९९७ मध्येच दिसले होते की कर्करोगाला चिथावणारे जनुकही तरुण पेशीला थांबवते. उंदराच्या पेशी तर २००३ च्या प्रयोगात २० टक्के प्राणवायूत अडल्या, ३ टक्क्यांत वाढतच राहिल्या. हे म्हातारपण की हवेचा जाच?

२००८ पासून चर्चा थांबलेल्या पेशींच्या दाहक स्रावांकडे वळली. २०११ मध्ये लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांतून त्या काढल्यावर काही विकार लांबणीवर पडले. त्या ओळखायच्या कशा, हा प्रश्न मात्र जुनाच. थांबलेल्या पेशींना निळे रंगवणारी १९९५ ची चाचणी सर्रास वापरतात. पण पात्रात दाटीवाटीने वाढलेल्या धडधाकट पेशीही निळ्या होतात.