डिंगी शर्यत

डिंगी शर्यत : एक किंवा दोन माणसांनी केवळ वाऱ्याच्या बळावर हाकावयाच्या लहान, उघड्या, शिडाच्या होड्यांची शर्यत. मोठ्या यॉटच्या बुडाशी शिशाचा किंवा लोखंडाचा जड कणा असतो. डिंगीला तो नसतो. तिचा तोल माणसाने आपल्या अंगाच्या भाराने सांभाळायचा असतो. त्यामुळे ती उलटते, आणि उलटलेली होडी सरळ करणे हाच नवशिक्याचा पहिला धडा असतो. कोल्हापूरच्या तालमीत आधी पडायला शिकवतात, तसाच हा प्रकार.

‘डिंगी’ हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला असला, तरी मूळचा भारतीय आहे. बंगालीत डिंगी, हिंदीत डेंगी म्हणजे नदीतली लहान नाव. साधारणपणे अठराव्या व एकोणिसाव्या शतकांच्या संधिकाळी तो इंग्रजी दर्यावर्दींच्या तोंडी रुळला असावा. इंग्रजी लेखनात त्यातील ‘जी’नंतर घातलेला ‘एच’ केवळ ‘ग’चा उच्चार ‘ज’ होऊ नये म्हणून आहे. ‘डिंगी’चे मूळ मात्र वादग्रस्त आहे. एका मतानुसार ते संस्कृत ‘द्रोण’ या शब्दाकडे जाते. गोठ्यात जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण आणि किनाऱ्यावरची, एकाच ओंडक्यातून कोरलेली डोणी या दोन्हींचे मूळ तेच मानतात. दुसरे मत असे, की हा पूर्व भारतातील नदीकाठच्या बोलींतला, संस्कृतेतर शब्द आहे. पहिले मत ‘डोणी’पुरते पटण्यासारखे आहे, ‘डिंगी’पर्यंत ते ताणताना मधले दुवे गृहीत धरावे लागतात.

शर्यतीचा आरंभही असाच वादग्रस्त. होड्यांच्या शर्यतींच्या मेळ्याला म्हणतात तो ‘रेगाटा’ हा शब्द व्हेनिसचा. तो ‘ओळ’ या अर्थाच्या शब्दापासून, ‘वल्हवणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून किंवा ‘चढाओढ करणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला, अशी तीन मते मांडली जातात. त्यांतले तिसरे अधिक सयुक्तिक वाटते. तेथील शर्यती मुख्यतः वल्ह्यांच्या होत्या. शिडाच्या शर्यतीचा आरंभ सहसा १ ऑक्टोबर १६६१ या दिवसापासून मोजतात. त्या दिवशी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व त्याचा भाऊ यॉर्कचा ड्यूक यांनी १०० पौंडांच्या पैजेवर ग्रिनिच ते ग्रेव्हझेंड आणि परत अशी शर्यत लावली. जॉन ईव्हलिनच्या रोजनिशीप्रमाणे वारा उलटा असल्याने राजा जाताना हरला. येताना त्याने बाजी सावरली. ही ‘पहिली’ शर्यत म्हणण्यापेक्षा नोंद झालेली एक जुनी शर्यत म्हणणे सावधपणाचे. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ मध्ये स्थापन झाला.

कोल्हापूरचा शिडाशी संबंध वाटतो तितका परका नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या, साधारण १७१५–१६ च्या मानल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात आरमाराला स्वतंत्र राज्यांग म्हटले आहे. मालवण व सिंधुदुर्ग १८१२ च्या तहापर्यंत कोल्हापूर संस्थानाकडे होते. त्यानंतर होडी म्हटली की नदीच डोळ्यांसमोर येते : सांगलीकडे कृष्णेवरच्या वल्ह्यांच्या शर्यती आणि पुरात गुळाच्या काहिलीतून पैलतीर गाठणारी माणसे.

वाऱ्याच्या रोखाने होडी जाते याचे कोणाला नवल वाटत नाही. ती वाऱ्याविरुद्ध कशी जाते, हा प्रश्न आहे. ताणलेले शीड पंखासारखे बाक घेते, वाऱ्याचा झोत वळवते, आणि दोन बाजूंच्या दाबांत फरक पडून ओढ निर्माण होते. ‘फुगीर बाजूच्या हवेला लांबचा रस्ता एकाच वेळात कापावा लागतो म्हणून ती वेगाने धावते’ हे पुस्तकांतून फिरणारे स्पष्टीकरण चुकीचे आहे. दोन्ही बाजूंची हवा पलीकडे एकाच वेळी पोचत नाही. या ओढीचा बराच भाग होडीला आडवे ढकलतो. तो बुडातून पाण्यात उतरवलेली मधली फळी अडवते, आणि पुढे नेणारा भाग उरतो. तरीही वाऱ्याच्या थेट रोखापासून सुमारे ४५ अंशांच्या आत होडी चालत नाही. शीड फडफडते व ती थबकते. म्हणून शर्यतीच्या मार्गावरची वाऱ्याकडची तरंगती खूण गाठायला टॅक घेत, म्हणजे वारा आळीपाळीने एकेका कुशीवर घेत, नागमोडी जावे लागते, आणि वाऱ्याकडे १ किमी. चढण्यासाठी सुमारे १.४ किमी. कापावे लागते.

वारा स्थिर असता तर हा नुसता भूमितीचा खेळ झाला असता. एकमेकींपासून आडव्या १०० मी. अंतरावर, बरोबरीत असलेल्या दोन होड्या घेतल्या, आणि वारा १० अंशांनी फिरला, तर ज्या बाजूला तो फिरला तिकडची होडी सुमारे १७ मी. पुढे निघते. ऑप्टिमिस्ट या लहान होडीच्या मापाने ही सात होड्यांची लांबी झाली.

ऑप्टिमिस्ट ही मुलांची होडी. क्लार्क मिल्स यांनी ती १९४७ मध्ये फ्लॉरिडात आखली. लांबी सुमारे २.३ मी., सांगाड्याचे वजन ३५ किग्रॅ.; स्पर्धेसाठी वयोमर्यादा १५ वर्षे. एकट्या प्रौढासाठी ब्रूस कर्बी यांनी आखलेली लेझर (आता इल्का), सुमारे ४.२ मी.; सांगाडा तोच ठेवून शीड लहान-मोठे करता येते. दोघांसाठी जॅक होल्ट यांची एंटरप्राइझ (१९५६), निळ्या शिडांमुळे ओळखू येणारी. १९८२ च्या आशियाई स्पर्धांत फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांच्याच दुसऱ्या होडीच्या वर्गात सुवर्णपदक मिळवले. नवख्याने स्वतःची होडी घेण्याआधी अशा दोघांच्या होडीत जाणत्याबरोबर खलाशी म्हणून बसणे सोयीचे. सुकाणू दुसऱ्याच्या हाती असले, की वाऱ्याकडे पाहायला डोळे मोकळे राहतात.

नियम वर्ल्ड सेलिंग ही संस्था ठरवते व दर चार वर्षांनी सुधारते. सध्याचे २०२५–२८ चे. पहिल्या शर्यतीला दोन पुरतात. ज्या होडीला वारा उजव्या कुशीवर लागतो तिला वाट मिळते, डाव्या कुशीवर लागणारीने बाजूला व्हायचे. दोघींना एकाच कुशीवर लागत असेल, तर वाऱ्याकडच्या होडीने दुसरीला वाट द्यायची. आरंभाचे इशारे ५, ४ व १ मिनिट आधी होतात. ते ध्वजांवरून मोजायचे, आवाजावरून नव्हे. आवाज पोचायला वेळ लागतो. वेळेआधी रेषा ओलांडणाऱ्याला मागे फिरावे लागते, म्हणून पहिल्या काही शर्यतींत रेषेच्या गर्दीच्या टोकापासून दूर, मोकळ्या वाऱ्यात राहणे हिताचे. नियम मोडला तर सहसा जागच्या जागी दोन गिरक्या, खुणेला नुसता धक्का लागला तर एक. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २. कमीत कमी गुणांचा जिंकतो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंचीवर आहे. किनाऱ्यावरचे खारे व मतलई वारे घड्याळासारखे पाळी बदलतात, तसे येथे होत नाही. पावसाळ्यात पश्चिमेचा जोर, हिवाळ्यात पूर्वेकडचा सौम्य वारा. रंकाळा तलावावर पश्चिमेचा वारा शालिनी पॅलेसची झाडी ओलांडून येतो आणि तुटक होतो : एका झुळुकीने पाण्याचा पट्टा शहारून काळसर होतो, शेजारी पाणी आरशासारखे. तो काळा पट्टा पोचण्याआधी बाहेर झुकून दोरी सैल करायला हात तयार हवा. शिडावर चिकटवलेला लोकरीचा धागा मागे सरळ उडाला तर शीड बरोबर, फडफडला तर नाही. होडी उलटलीच, तर आधी शिडाची दोरी मोकळी करतात, नाळ (होडीचे पुढचे टोक) वाऱ्याकडे वळवतात, पोहत बुडाकडे जाऊन मधल्या फळीवर उभे राहतात आणि काठ धरून मागे रेलतात. जीवरक्षक जाकीट पोहणाऱ्यालाही सक्तीचे असावे. पंचगंगेत पोहून मोठे झालेले याला कुरकुरतात. केंदाळ वाढलेले असेल तर ते फळी व सुकाणूला गुंडाळते. वेग एकाएकी पडला, की आधी फळी वर ओढून ते झाडायचे, शिडाला दोष मागाहून.

बंदिस्त तलावावर वाढलेल्या शर्यतींचे जवळचे ठळक उदाहरण हैदराबादचे हुसेनसागर. तेथे लेझरच्या राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा होतात. खुल्या पाण्यासाठी मुंबई बंदर.