दिनीन यांचा कोश आणि आयरिश लेखनाचा वाद : पार्श्वभूमी

सतराव्या-अठराव्या शतकांतले कोश बाजूला ठेवून थेट १९०४ पासून सुरुवात केलेली बरी. त्या वर्षी फादर पॅट्रिक दिनीन यांचा आयरिश-इंग्रजी कोश निघाला. केरी परगण्यात १८६० मध्ये जन्मलेले दिनीन १९०० मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातून बाहेर पडले होते आणि डब्लिनमध्ये भाषेच्याच कामाला लागले होते. १९१६ च्या ईस्टर उठावात, म्हणजे डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या बंडात, कोशाच्या छपाईच्या प्लेटा नष्ट झाल्या. नुसतं पुनर्मुद्रण शक्य नव्हतं, म्हणून कोशच नव्यानं वाढवला गेला. १९२७ ची ही आवृत्ती तेराशेहून अधिक पानांची आहे. तिच्यातले काही विक्षिप्त अर्थ डब्लिनच्या एका विनोदी स्तंभलेखकाला पुढं वर्षानुवर्षं पुरले.

गुंता झाला तो लेखनाचा, म्हणजे शब्दांच्या स्पेलिंगचा. दिनीन यांनी जुनी गेलिक लिपी आणि जुनं, लांबलचक लेखन ठेवलं. त्यात न उच्चारली जाणारी अक्षरं भरपूर, भाषेच्या नावातसुद्धा. पण हे लेखन कुठल्याच एका बोलीचं नव्हतं. मन्स्टर, कॉनॅक्ट, अल्स्टर अशा तिन्ही प्रांतांतला वाचक तेच अक्षर आपापल्या उच्चारानं वाचे. आयर्लंडचं स्वतंत्र राज्य आल्यावर कायदे आयरिशमध्ये आणायचे होते, तेव्हा संसदेच्या भाषांतर विभागाला एकसारखं, सुटसुटीत लेखन हवं झालं. १९४५ मध्ये नवे लेखननियम आले, १९५८ मध्ये व्याकरणासह प्रमाणभाषा ठरली. शाळेतल्या मुलांचे कष्ट वाचले, हे खरंच. पण अक्षरं गाळताना कुणाचा तरी उच्चार धरावाच लागतो, आणि ज्यांचा धरला नाही त्यांची तक्रार आजही मिटलेली नाही. भाषांतराच्या टेबलावर सोयीसाठी घेतलेल्या निर्णयाला भाषेचा निर्णय म्हणणं जरा घाईचंच होतं.

१९५९ चा इंग्रजी-आयरिश कोश आणि १९७७ चा आयरिश-इंग्रजी कोश हे दोन्ही नव्या लेखनात, रोमन अक्षरांत निघाले. नव्या पद्धतीनं शिकलेल्याला दिनीन यांच्या कोशात शब्द शोधणंही अवघड झालं. तरी १९४५ पूर्वीचं काही वाचायचं तर तोच उघडावा लागतो. २०१३ पासून कोश इंटरनेटवर आले आहेत. तिथं शब्दाशेजारी तिन्ही प्रांतांचे उच्चार ध्वनिमुद्रित करून ठेवलेले असतात.