बावीस कॅलिबरची रायफल आणि बुलेटचा डायमीटर

वापरलेल्या केसमध्ये (काडतुसाचं पितळी कवच) नवा प्रायमर (ठिणगी पाडणारी छोटी टोपी), पावडर आणि बुलेट बसवून स्वतः काडतूस तयार करणं म्हणजे हँडलोडिंग. अमेरिकेत हा जुना छंद आहे, आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा, त्यामुळे इथे हे बहुतेकांसाठी वाचण्यापुरतंच.

नवखा माणूस फसतो तो काडतुसाच्या नावातल्या आकड्याला. बावीस कॅलिबरच्या बॅरलमध्ये आतून पीळदार खाचा असतात, त्यांच्यामधल्या उंचवट्यांवर व्यास मोजला तर साधारण ०.२१९ इंच भरतं, खाचांच्या तळाशी ०.२२४, आणि जॅकेटवाली (तांब्याचं आवरण असलेली) बुलेट घ्यायची ती खाचेच्या मापाची. म्हणून .२२० स्विफ्ट (१९३५), .२२२ रेमिंग्टन (१९५०) आणि .२२३ रेमिंग्टन, तिघांची नावं वेगळी पण बुलेट एकच, ०.२२४.

खरी गोची .२२ हॉर्नेटची. १९३० च्या आसपास हे काडतूस आलं तेव्हाच्या बऱ्याच रायफलींची बॅरल रिमफायरच्या (कडेवर आघात होऊन उडणाऱ्या छोट्या .२२ काडतुसांच्या) मापाची होती, खाच ०.२२३ किंवा त्याहून जरा कमीच, नंतरच्या रायफली ०.२२४ वर गेल्या, त्यामुळे हॉर्नेटसाठी ०.२२३ ची बुलेट वेगळी बनवली जाते. जुन्या टाइट बॅरलमध्ये जाड बुलेट घातली की प्रेशर वाढतं, आणि चेंबरची (काडतूस बसतं त्या पोकळीची) मान, म्हणजे केसच्या तोंडाभोवतीचा भाग, पण टाइट असेल तर केसला बुलेट सोडायला जागाच उरत नाही, ते जास्त धोक्याचं. उलटी गंमत .२२ सॅव्हेज हाय-पॉवरची (१९१२), नावात २२ पण बुलेट ०.२२७-०.२२८ ची. तिच्यात ०.२२४ घातली तर ती सैल बसते, गॅस बाजूने निसटतो आणि नेम पार बिघडतो.

मग माप कसं घ्यायचं? रायफल रिकामी आहे ना हे दोनदा बघून, बॅरलला आतून तेलाचा हात मारून मऊ शुद्ध शिशाचा तुकडा आरपार ढकलायचा आणि त्यावर उमटलेलं सगळ्यात मोठं माप मायक्रोमीटरने घ्यायचं. साधा कॅलिपर इथे कामाचा नाही, कारण सगळा वाद एक हजारांश इंचाचा आणि तेवढा फरक कॅलिपर स्वतःच खाऊन टाकतो. खाचा विषम असल्या, म्हणजे पाच वगैरे, तर समोरासमोर खाच येत नाही, मग व्ही-अँव्हिलचा, म्हणजे व्ही आकाराच्या टेकूचा मायक्रोमीटर लागतो. शिशाची ओतीव बुलेट मात्र खाचेपेक्षा हजारांशभर जाडच घेतात.

त्यामानाने .२०४ रुगर (२००४) सरळ, नाव आणि बुलेट दोन्ही ०.२०४.