पार्श्वभूमी : सामोआने वाररेषा का ओलांडली?

२९ डिसेंबर २०११, गुरुवार. सामोआची राजधानी आपिया इथे भर चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवती गर्दी जमली होती. बाराचे ठोके पडले, टाळ्या झाल्या, चर्चच्या घंटा वाजल्या आणि शनिवार उजाडला. तारीख ३१ डिसेंबर. तीस तारखेचा शुक्रवार त्या देशात आलाच नाही. त्या शुक्रवारचा पगार मात्र कापायचा नाही, असं सरकारने मालकवर्गाला बजावलं होतं.

देशोदेशींच्या अजब गोष्टींमध्ये हा किस्सा हमखास सांगितला जातो आणि दोन ओळींत संपतो. खरं तर तो सव्वाशे वर्षांचा आहे. त्याच्या पोटात व्यापार आहे, जुन्या मोटारींची आयात आहे आणि देवळात नक्की कोणत्या दिवशी जायचं यावरून पडलेली फूटही आहे. वाररेषा ओलांडली की दिवस वाढतो की कमी होतो, हे शाळेच्या भूगोलात होऊन गेलं आहे, ते इथे पुन्हा उगाळत नाही.

या रेषेमागे कुठलाही आंतरराष्ट्रीय करार नाही, एवढं मात्र आधी सांगायला हवं. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले, त्यांनी ग्रीनिचला शून्य रेखावृत्त ठरवलं. तारीख कुठे बदलायची हे त्यांनी ठरवलंच नाही. नकाशावर जी वाकडीतिकडी रेषा दिसते, ती नकाशे काढणाऱ्यांनी त्या त्या देशांची पसंती बघून ओढलेली आहे. एखाद्या देशाने उद्या सकाळी जाहीर केलं की आमच्याकडे आज मंगळवार नाही, बुधवार आहे, तर त्याला अडवणारं कोणी नाही. नकाशेवाले निमूटपणे रेषा सरकवतात.

असे बदल पूर्वीही झाले होते. फिलिपिन्सचा कारभार स्पॅनिश लोक मेक्सिकोतून हाकत असत. जहाजं अकापुल्कोहून पॅसिफिक ओलांडून मनिलाला यायची, त्यामुळे मनिलाची तारीख अमेरिका खंडाची होती आणि शेजारच्या मकावची एक दिवस पुढे. मेक्सिको स्वतंत्र झाला, तो व्यापार संपला, चीनशी वाढला. मग १८४४ च्या ३० डिसेंबरनंतर मनिलात थेट १ जानेवारी उगवली. १८६७ मध्ये रशियाने ७२ लाख डॉलरला अलास्का विकला, तेव्हा उलट घडलं. तिथे लागोपाठ दोन शुक्रवार आले, शिवाय रशियन पंचांग जाऊन नवं आल्यामुळे तारखेने ११ दिवसांची उडी मारली. मालक बदलला की वार बदलतो, किंवा गिऱ्हाईक बदललं की बदलतो. सामोआच्या बाबतीत दोन्ही वेळा कारण गिऱ्हाईक हेच होतं.

१८९२ पर्यंत सामोआ ऑस्ट्रेलियाच्याच तारखेने चालत असे. त्या काळात या बेटांवर जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका तिघांचाही डोळा होता. १८८९ च्या मार्चमध्ये तर आपियाच्या बंदरात तिघांच्या युद्धनौका एकमेकींवर नजर रोखून उभ्या होत्या. वादळ आलं आणि अमेरिकेच्या व जर्मनीच्या सहा नौका फुटल्या किंवा किनाऱ्यावर जाऊन आदळल्या. लढाई टळली ती अशी. तीन वर्षांनी अमेरिकन व्यापाऱ्यांनी तिथल्या राजाची समजूत काढली, की सॅन फ्रान्सिस्कोशी व्यवहार करायचा तर कॅलिफोर्नियाची तारीख पाळलेली बरी. राजाने मान्य केलं. बदलासाठी मुहूर्तही अमेरिकन निवडला गेला. ४ जुलै १८९२, सोमवार, हा दिवस दोनदा आला. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन सलग दोन दिवस साजरा करणारा हा एकमेव देश असावा. १८९२ हे लीप वर्ष होतं, म्हणजे सामोआत त्या वर्षी ३६७ दिवस भरले.

जाता जाता, याच आपियाजवळ तेव्हा एक नामवंत स्कॉटिश लेखक प्रकृतीसाठी येऊन राहिला होता. तिथल्या एका अमेरिकन अधिकाऱ्याच्या मुलीचा जन्म २५ डिसेंबरचा. नाताळात वाढदिवस बुडतो अशी तिची तक्रार. तर या गृहस्थांनी १८९१ मध्ये रीतसर साक्षीदारांसह दस्त करून आपला १३ नोव्हेंबरचा वाढदिवस तिच्या नावे केला. अटी पाळल्या नाहीत तर तो वाढदिवस अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे वर्ग होईल, असंही कलम घातलं. वर्षभराने अख्ख्या देशाला एक दिवस बक्षीस मिळाला, तेव्हा ते तिथेच होते.

पुढची सत्तर वर्षं भराभर सांगता येतील. १८९९ च्या करारात बेटांची वाटणी झाली. पूर्वेकडची अमेरिकेला, ती आजही अमेरिकन सामोआ म्हणून अमेरिकेकडेच आहेत. पश्चिमेकडची जर्मनीला. १९१४ मध्ये न्यूझीलंडच्या सैन्याने जर्मनांना हटवलं आणि १ जानेवारी १९६२ ला पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. १९९७ मध्ये त्याने नावातला ‘पश्चिम’ काढून टाकला, त्यावर शेजारच्या अमेरिकन सामोआतून निषेधाचे सूर उमटले. जर्मन गेले, न्यूझीलंडवाले आले आणि गेले, तरी दोन गोष्टी जशाच्या तशा राहिल्या : तारीख कॅलिफोर्नियाच्या बाजूची आणि रस्त्यावर गाड्या उजवीकडून.

दरम्यान माणसं दुसरीकडे निघाली होती. कामधंद्यासाठी सामोअन लोक ऑकलंडला आणि सिडनीला गेले, तिथून घरी पैसे पाठवू लागले. अमेरिकेत गेले तेही थोडेथोडके नाहीत, पण देशाचा व्यापार, पर्यटक, शाळा-कॉलेजं, मोठी इस्पितळं सगळं न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडे वळलं. तारखेचं काय करायचं, हा प्रश्न त्यातूनच आला. त्याआधी रस्त्याचा आला.

७ सप्टेंबर २००९ ला सामोआने गाड्या उजवीकडून डावीकडे आणल्या. सत्तरच्या दशकानंतर असं करणारा हा पहिलाच देश. सरकारचं म्हणणं साधं होतं : न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात वाहतूक डावीकडून चालते, तिथल्या जुन्या मोटारी स्वस्त पडतात, परदेशातल्या नातेवाइकांना त्या घरी पाठवता येतील. विरोध जोरदार झाला. मोर्चे निघाले, लोक कोर्टात गेले, तिथे हरले. बसवाल्यांची तक्रार तर अगदी रास्त होती. बसचं दार उजवीकडे, आता उतारू भर रस्त्यात उतरणार, आणि दार कापून दुसऱ्या बाजूला बसवायचा खर्च कोणी द्यायचा? त्या सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना रेडिओवरून सगळ्या गाड्या थांबवायला सांगितलं. सहाच्या ठोक्याला त्या पलीकडच्या बाजूला गेल्या. दोन दिवस सुट्टी, तीन दिवस दारूबंदी, वेगमर्यादा कमी. विरोधकांनी वर्तवलेला अनर्थ काही झाला नाही.

हे घडवणारे पंतप्रधान १९९८ पासून खुर्चीवर होते आणि २०२१ पर्यंत राहिले. एकदा मनात आलं की लोकांना नंतर समजावत बसायचं, अशी त्यांची पद्धत. रस्ता जमला, तसा मे २०११ मध्ये त्यांनी तारखेचा बेत जाहीर केला.

युक्तिवाद बिनतोड होता. सामोआत शुक्रवार असताना न्यूझीलंडमध्ये शनिवार, म्हणजे तिकडची कार्यालयं बंद. सामोआ रविवारी चर्चमध्ये, तेव्हा सिडनीत सोमवारचं कामकाज सुरू. पाच दिवसांच्या आठवड्यात समोरासमोर येणारे दिवस चारच. ऑकलंडपासून विमानाने चार तासांवरचा देश घड्याळाने २३ तास मागे. एक दिवस गाळला की तोच देश एक तास पुढे. पर्यटनवाले कुरकुरले, कारण ‘जगातला शेवटचा सूर्यास्त’ ही त्यांची जाहिरात गेली. पंतप्रधानांनी त्यांना उत्तर दिलं, की तासाभराच्या आत अमेरिकन सामोआला जा आणि एकच वाढदिवस, एकच लग्न दोनदा करा. जाहिरात म्हणून हेही वाईट नव्हतं. न्यूझीलंडच्या ताब्यातली, जेमतेम दीड हजार वस्तीची टोकेलाऊ बेटंही याच रात्री सामोआबरोबर पलीकडे गेली.

व्यापाराचं गणित इतकं सरळ सुटलं. न सुटलेला प्रश्न वेगळाच होता, आणि बातम्यांमध्ये त्याला एखादं वाक्य मिळालं तर मिळालं.

सामोआ हा कमालीचा श्रद्धाळू ख्रिस्ती देश आहे. बहुतेकांचा पवित्र दिवस रविवार. पण तिथे शनिवारचा शब्बाथ पाळणारा एक पंथही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. शुक्रवारी सूर्य मावळला की चूल, बाजार, काम बंद. शनिवारी सूर्य मावळेपर्यंत. सहा दिवस काम, सातव्या दिवशी विसावा, ही देवाची आज्ञा. त्यांच्या सगळ्या धर्माचरणाचा कणाच तो. आता मोजा. रविवार पहिला, गुरुवार पाचवा. त्यानंतर जो दिवस उगवला तो सहावा, आणि सरकार म्हणतं त्याचं नाव शनिवार. सातवा सूर्योदय झाला तो रविवारी. मग शब्बाथ कोणता? सरकारने ज्याला शनिवार म्हटलं तो, की मोजणीने सातवा येतो तो?

पंथाच्या तिथल्या पुढाऱ्यांनी मोजणीच्या बाजूने कौल दिला. त्यांचं म्हणणं असं, की खरी वाररेषा १८० अंशांचं रेखावृत्त. सामोआ त्याच्या पूर्वेला आहे, साधारण १७२ अंश पश्चिम रेखांशावर. सरकारने कागदावर काहीही लिहिलं तरी बेट जागचं हललेलं नाही. म्हणून शब्बाथ आता ‘रविवार’ नावाच्या दिवशी. त्यांच्याकडे शेजारचा दाखलाही होता. टोंगा हाही १८० अंशांच्या पूर्वेला असून ऑस्ट्रेलियाच्या तारखेने चालतो. तिथे हाच पंथ पहिल्यापासून रविवारी शब्बाथ पाळतो. टोंगाच्या राज्यघटनेनुसार रविवार कायमचा पवित्र आहे, सगळा देश त्या दिवशी बंद असतो, त्यामुळे तिथे कोणाला अडचणही आली नाही.

पण सामोआतल्या काही मंडळींना हे पटलं नाही. त्यांची बाजू मला हलकी वाटत नाही. शंभरहून अधिक वर्षं या पंथाने गावागावांत शेजाऱ्यांना सांगितलं, की रविवार हा माणसांनी आणलेला दिवस आहे, देवाचा दिवस शनिवार. त्यासाठी टोमणे खाल्ले. आता तेच लोक रविवारी पांढरे कपडे घालून बाकी सगळ्यांबरोबर चर्चला निघाले, तर शेजारी काय म्हणतील? सामातौ गावातली मंडळी अडून बसली आणि शनिवारलाच धरून राहिली. पुढे ती आणि त्यांच्या विचाराचे इतर लोक वेगळे झाले, त्यांनी स्वतंत्र चर्च काढलं. एकाच धर्मग्रंथातून, एकाच आज्ञेच्या आधाराने दोन गट दोन वेगळ्या दिवशी विसावा घेतात.

गुंता इथे थांबत नाही. आपियातलं या पंथाचं कुटुंब रविवारी प्रार्थना करतं, त्याच वेळी अमेरिकन सामोआतले त्यांचे नातलगही प्रार्थना करत असतात. सूर्य तोच, तिथे वार शनिवार. म्हणजे पुढाऱ्यांचा निर्णय या बाजूने बघितला तर तंतोतंत जुळतो. तेच कुटुंब ऑकलंडच्या भावाकडे गेलं की मात्र शनिवारी प्रार्थना करायची, आणि परत आलं की रविवारी.

ज्यू धर्मपंडितांपुढे हा पेच १९४१ मध्ये आला होता. युरोपातून जीव वाचवून निघालेले शेकडो ज्यू विद्यार्थी जपानच्या कोबे शहरात अडकले होते आणि योम किप्पुरचा उपास जवळ आला होता. जपानमध्ये उपास कोणत्या दिवशी, अशी तार जेरुसलेमला गेली. पंडितांच्या सभेने स्थानिक तारखेप्रमाणे बुधवार सांगितला. एका मोठ्या विद्वानाच्या मते जपान रेषेच्या पलीकडे पडत होता, त्याने कळवलं की बुधवारी जेवा, गुरुवारी उपास करा. काहींनी दोन्ही दिवस उपास केला. सामोआतल्या लोकांना दर आठवड्याला निवड करायची होती, त्यामुळे तो मार्ग त्यांना चालणारा नव्हता. सरकारने या वादात तोंड घातलं नाही, पण कोणाला विचारलंही नव्हतं. मेमध्ये घोषणा, डिसेंबरात अंमल. एवढ्या मुदतीत मोटारीचं दार बदलता येतं, शब्बाथ नाही.

किरिबाटीने हाच उद्योग १९९४ अखेरीस केला होता. तिथली बेटं रेषेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली, एकाच देशात दोन वार. एका निवडणुकीत हा भेद मिटवायचं आश्वासन दिलं गेलं आणि जिंकल्यावर पाळलंही. पूर्वेकडच्या बेटांवर एक दिवस गाळला गेला, नकाशावरची रेषा पूर्वेला भलीमोठी फुगली. मग २००० सालाची पहिली पहाट आपल्याकडेच, असं सांगत किरिबाटीने तिथल्या एका निर्जन बेटाला मिलेनियम हे नाव देऊन टाकलं. शेजारी देशांनी कपाळाला आठ्या घातल्या. सामोआने नवीन सहस्रक उजाडून गेल्यावर उडी मारली, त्यामुळे निदान हा आरोप त्याच्यावर आला नाही.

२०२१ मध्ये सामोआत सत्तांतर झालं. नव्या सरकारने उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची २०१० पासूनची प्रथा बंद केली. तारखेला आणि रस्त्याला हात लावला नाही. त्यामुळे आपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो यांच्यात आता वर्षभर बरोबर २४ तासांचं अंतर आहे. दोन्हीकडची घड्याळं मिनिटामिनिटाला जुळतात. विमानप्रवास पाऊण तासाच्या आतला. सोमवारी सकाळी आपियाहून निघालेला माणूस रविवारी सकाळी पागो पागोला उतरतो, आणि परतीचं तिकीट काढताना तारीख चुकली तर भुर्दंड पडतो.