पार्श्वभूमी : दुधाचा क्रेट कलेच्या अंगणात कसा आला

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी घरांत दुधाचा रतीब आजही चालतो. बदलली ती भांडी. गवळी सायकलला किटल्या अडकवून दारोदार माप घालत असे, तेव्हा दूध वाहण्याचे भांडे त्याच्या स्वतःच्या मालकीचे, वर्षानुवर्षे टिकणारे आणि अखेरीस मोडीतही चार पैसे देणारे होते. भाजीबाजारातल्या सवयीने ज्याला आपल्याकडे अनेक जण ‘कॅरेट’ म्हणतात, तो प्लॅस्टिकचा क्रेट त्या मानाने अगदी अलीकडचा आहे.

त्याचे मूळ सहकारी दुग्धव्यवसायाच्या विस्तारात सापडते. कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ, म्हणजेच ‘गोकुळ’, १९६३ साली स्थापन झाला, १९६५ साली आणंद येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ उभे राहिले आणि १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली. पुढे कर्नाटकात दूध महासंघाने ‘नंदिनी’ हे नाव घरोघर पोहोचवले. सीमाभागातल्या मराठी कुटुंबांना ‘गोकुळ’ आणि ‘नंदिनी’ ही दोन्ही नावे सारखीच परिचयाची आहेत. या वाढत्या दुधासाठी काचेची बाटली जड आणि महाग पडू लागली व तिची जागा प्लॅस्टिकच्या पिशवीने घेतली. माझ्या मते क्रेटच्या इतिहासातला निर्णायक क्षण हाच आहे, कारण बाटली स्वतःच्या बळावर उभी राहते, पिशवी राहत नाही. तिला बाहेरून सांगाडा लागतो, आणि तो सांगाडा म्हणजे क्रेट.

त्यासाठी लागणारे उच्च घनतेचे पॉलिथिलीन कमी दाबाखाली तयार करण्याची पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल त्सिग्लर यांनी १९५३ मध्ये शोधली; १९६३ मध्ये त्यांना ज्युलिओ नात्ता यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्लॅस्टिक हलके असते, पाणी शोषत नाही आणि साच्यातून हजारो नग एकसारखे निघतात. सांडलेले दूध निथळावे व धुणे सोपे व्हावे म्हणून तळाला आणि बाजूंना जाळी. टेम्पोत थप्पी लागावी म्हणून एकाच्या काठावर दुसऱ्याचा तळ घट्ट बसेल अशी खाच. थप्पीचे ओझे मुख्यतः कोपरे आणि भिंती पेलतात. ही सारी सोय दुधासाठी केलेली होती, पण तिच्यातून नकळत एक वीट तयार झाली : चुन्याशिवाय रचता येणारी, उलटली की बैठक होणारी, आडवी ठेवली की फळी होणारी.

तिचे हे गुण कलावंतांच्या आधी रस्त्यावरच्या माणसांनी ओळखले, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. चहावाल्याची बैठक आणि भाजीवालीचा ओटा कोणत्याही रेखाचित्राविना झाला. मेलबर्नच्या गल्ल्यांतील कॉफीगृहांत क्रेटवर बसणे तर शहराची ओळख ठरली. वास्तुरचनाकारांना दुधापेक्षा बीअरचे क्रेट अधिक हाती लागले. ब्रसेल्समध्ये १९५८ च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २००८ साली सुमारे ३३,००० क्रेटचा मंडप उभा राहिला, तर जर्मनीतील डेटमोल्ड येथे २०१० मध्ये वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी दोन हजारांहून अधिक क्रेट जोडून वळणदार छत रचले. सिडनीत २०१४ साली शिल्पकार हानी आर्मानिअस यांच्या सुमारे १४ मीटर उंचीच्या, निळ्या क्रेटच्या आकाराच्या शिल्पाची घोषणा झाली. ते शिल्प मात्र कधीच उभारले गेले नाही. तिथे क्रेटचा पुनर्वापर नव्हता, केवळ त्याच्या आकाराचा गौरव होता, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

हाताशी असलेल्या वस्तू रचून काही उभारण्याच्या कामाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. गौरी-गणपतीच्या आराशीच्या पायऱ्या डबे आणि पेट्या रचूनच होतात. बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली मुले मातीचे किल्ले उभारतात आणि त्यांच्या पोटात दगड, विटा, पोती घालतात. तिथे फुटका क्रेट पालथा घातला तर माची सपाट राहते, माती कमी लागते आणि हळीव रुजवण्यासाठी शिंपडलेले पाणी जाळीतून निथळून जाते. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. उन्हात दीर्घकाळ राहिलेले हे प्लॅस्टिक ठिसूळ होते, म्हणून बसण्यासाठी तडा गेलेला क्रेट घेऊ नये. आणि धडधाकट क्रेट ही डेअरीची मालमत्ता असते, त्यामुळे किल्ल्यासाठी नेताना दूधवाल्याकडून मोडीत निघालेलाच मागून घ्यावा.