खिळखिळे सुकाणू

शिडाच्या लहान होडीचे सुकाणू एकाएकी क्वचितच मोडते. बहुतेक वेळा ते आधी कित्येक महिने खिळखिळे होत असते. दांडा हातात किंचित डुगडुगतो, वळताना मागून ‘टक’ असा आवाज येतो, पण होडी चालते आहे तोवर कोणी ते फारसे मनावर घेत नाही. वाशी किंवा ऐरोलीच्या बाजूला ठाणे खाडीत होडी ठेवणारा हौशी माणूस पात्याला हौसेने रंग देतो आणि ते पाते ज्या दोन जोडांवर लटकते त्यांच्याकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही. झीज सुरू होते ती तिथेच.

लहान होडीत बहुधा सुकाणूच्या दोन खुंट्या मागच्या फळीवरील दोन कड्यांत अडकवलेल्या असतात. पात्यावर येणारा पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. पाण्याखाली ०.१५ चौरस मीटर क्षेत्रफळ असलेले पाते ५ नॉट (ताशी सुमारे ९ किलोमीटर) वेगात झटक्याने वळवले, तर त्यावर ढोबळमानाने ४० किलो वजनाइतका जोर पडतो. हा जोर कड्यांच्या बराच खाली लागत असल्याने तरफेच्या नियमाने तो वाढून जोडांपर्यंत पोहोचतो. दोन कड्यांत २५ सेंटिमीटर अंतर असेल आणि जोराचा मध्य खालच्या कडीच्या ४० सेंटिमीटर खाली असेल, तर वरच्या कडीवर सुमारे ६४ आणि खालच्या कडीवर १०० किलोहून अधिक भार येतो. खालची कडी आधी झिजते त्याचे कारण हे, आणि दोन कड्या शक्य तितक्या दूर बसवाव्यात त्याचे कारणही हेच.

खुंटी आणि कडी यांच्यात केवळ १ मिलिमीटर ढिलाई आली, तर खालच्या कडीपासून ७५ सेंटिमीटर खाली असलेले पात्याचे टोक सुमारे ७ मिलिमीटर इकडून तिकडे हलते. मग प्रत्येक लाटेसरशी खुंटी कडीवर आपटू लागते, आपटण्याने भोक लंबगोल होते आणि ढिलाई वाढली की आपटणेही वाढते. म्हणून तपासणी करायची तर होडी किनाऱ्यावर असताना पात्याचे टोक धरून हलवावे आणि दुसऱ्या हाताचे बोट खुंटी व कडी यांच्या सांध्यावर ठेवावे. डोळ्यांना न दिसणारा धक्का बोटाला लगेच कळतो.

ठाणे खाडीत ही झीज वेगाने होते, कारण खाडी उथळ आणि गाळाची आहे, आणि उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटीच्या पातळ्यांत ४ मीटरहून अधिक फरक पडतो. गाळातले क्वार्ट्झचे कण स्टेनलेस स्टीलपेक्षा कठीण असतात. ते कडीच्या भोकात बसवलेल्या प्लॅस्टिकच्या मऊ नळीत, म्हणजे बुशात, रुतून बसतात आणि तो बुश पॉलिश पेपरसारखा खुंटीलाच घासू लागतो. त्यामुळे बुश शाबूत आणि खुंटी बारीक, असा उलटा प्रकार पाहायला मिळतो. होडी बाहेर काढल्यावर दोन्ही जोड गोड्या पाण्याने धुणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. घट्ट ग्रीस मात्र लावू नये, कारण त्यात गाळ अधिकच चिकटतो.

बुश बदलताना पदार्थ पारखून घ्यावा. नायलॉन सहज मिळते, पण नायलॉन ६ पूर्ण भिजल्यावर वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी शोषते आणि फुगते. दुकानात नेमका बसलेला बुश पाण्यात खुंटीला आवळून धरतो तो यामुळे. अॅसिटल प्लॅस्टिक १ टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, म्हणून माझा कौल त्याला आहे. खुंटीला आणि बोल्टला ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्यावे, कारण त्यातले २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम खाऱ्या पाण्यात गंजाला चांगला अटकाव करते. तरीही ते अमर नव्हे. स्टेनलेस स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर टिकायला ऑक्सिजन लागतो, आणि बोल्टच्या डोक्याखाली साचलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजनच संपतो. तिथून तांबूस ओघळ दिसला, तर बोल्ट काढून पाहावा.

लाकडी गाभ्याच्या पात्यात पाणी शिरते तेही याच बोल्टच्या भोकांतून. दुरुस्तीपूर्वी पाते पूर्ण वाळायला हवे आणि ते ओळखायला वजनकाटा पुरतो: दर दोन-तीन दिवसांनी पाते तोलावे आणि वजन उतरायचे थांबले की काम हाती घ्यावे. मग भोक मुद्दाम मोठे करून कुजका भाग खरवडावा, ते सिलिकाची पूड घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावे आणि पुरते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचे नवे भोक पाडावे. आता बोल्टच्या सभोवती लाकूड उरतच नाही, त्यामुळे सील फुटले तरी पाणी गाभ्यापर्यंत जात नाही. हे काम पावसाळ्यात शक्यतो टाळावे. दमट हवेत इपॉक्सी कडक करण्यासाठी त्यात मिसळायच्या हार्डनरमधील अमाइन हे रसायन ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावून पृष्ठभागावर मेणचट थर तयार करते आणि त्यावर पुढचा थर धरत नाही. तो आधी पाण्याने घासून धुवावा आणि मगच पॉलिश पेपर मारावा. उलटा क्रम ठेवल्यास मेण आतच चोळले जाते.

दोन तळ शेजारी-शेजारी जोडलेल्या होडीला (कॅटामरान) दोन सुकाणू असतात. त्यांच्या पात्यांच्या पुढच्या कडांमधले आणि मागच्या कडांमधले अंतर सारखे आहे ना, हे टेपने मोजावे. नसेल तर दोन्ही पाती एकमेकांविरुद्ध ढकलत राहतात आणि चारही जोड विनाकारण झिजतात.

सर्वाधिक झीज होडी चालवताना होते असा समज असला, तरी नांगरलेल्या होडीचे मोकळे सुकाणू रात्रंदिवस लाटांबरोबर डावी-उजवीकडे आपटत असते आणि खरे नुकसान तिथे होते. ते काढून ठेवणे उत्तम. जड असेल तर दांडा मध्यभागी आणून दोन्ही बाजूंनी ताणून बांधावा, कारण एकाच बाजूची दोरी त्याला दुसऱ्या बाजूला हलायला मोकळीक देते.