जीआयएस प्रकल्प व्यवहार्य आहे का? प्रस्तावाआधीची तपासणी, पात्रता आणि कागदपत्रे

पुणे जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीला, नगरपरिषदेला किंवा महापालिकेच्या एखाद्या विभागाला मिळकतींचा जीआयएस (म्हणजे नोंदींशी जोडलेला संगणकीय) नकाशा करायचा असेल, तर सॉफ्टवेअरची कोटेशन मागवण्याआधी कोणत्याही १०० मिळकती निवडा आणि नकाशावरचा तुकडा व दप्तरातली नोंद यांची जोडी लागते का ते पाहा. प्रकल्प अडकतो तो बहुतेक वेळा इथेच. पेठेत एका सिटी सर्व्हे नंबरवरचा वाडा पाडून इमारत झाली, की त्याच तुकड्याला मिळकतकराचे वीस-तीस क्रमांक लागतात. गावात उलटं घडतं: सातबाऱ्यावर पोटहिस्से वेगळे झालेले असतात, पण गटनकाशावर त्यांची रेषाच नसते. शंभरापैकी तीसेक जोड्या लागत नसतील, तर आमच्या मते आधी दप्तर दुरुस्तीचाच प्रस्ताव करावा.

तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे कार्यालयाच्या पत्रावर अर्ज करा. त्यात गाव, गट क्रमांक आणि वापराचं कारण स्पष्ट लिहा. गटनकाशा, गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब), टिपण (मोजणीचा मूळ आराखडा) आणि फाळणी नकाशा (पोटहिश्श्यांचा) मागा; गावठाण असेल तर सिटी सर्व्हेचा नकाशा व मिळकत पत्रिकाही. प्रत हातात आली की प्रमाण पाहा. १:५००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर होते. शेताच्या अंदाजाला ते चालेल, पण गल्लीतल्या ड्रेनेज लाइनसाठी नाही. १:५०० वर तीच रेघ २५ सेंटिमीटर. स्कॅन केलेला कागद घडीवर ताणलेला असतो, म्हणून नियंत्रण बिंदू (जमिनीवरची अचूक जागा ठाऊक असलेले बिंदू) फक्त चार कोपऱ्यांत न घेता घडीच्या दोन्ही बाजूंनाही घ्या.

प्रत्यक्ष मोजणी कोण करू शकतं? नकाशा-डेटाबाबतच्या केंद्राच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतीय संस्थेला पूर्वपरवानगी लागत नाही, नियम पाळत असल्याचं स्वयंप्रमाणन पुरतं. आडवी १ मीटर आणि उभी ३ मीटर या अचूकतेच्या मर्यादेपेक्षा सूक्ष्म डेटा मात्र भारतातच साठवावा आणि हाताळावा लागतो. निविदेत ही अट नक्की घाला. ड्रोनसाठी नोंदणी क्रमांक आणि वैमानिकाचं प्रमाणपत्र मागा, आणि हद्द डिजिटल स्काय नकाशावर (ड्रोन कुठे उडवता येतं ते रंगांच्या विभागांत दाखवणारा सरकारी नकाशा) तपासा. लोहगाव विमानतळ आणि लष्करी क्षेत्रं जवळ असल्याने पुण्यात हे सोडून चालत नाही. पिवळ्या विभागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लाल विभागात थेट केंद्र सरकारची. तो वेळ वेळापत्रकात धरा.

उपग्रह प्रतिमा वापरणार असाल तर जून ते सप्टेंबर ढगांमुळे जवळजवळ वाया जातात. नकाशाचे सगळे थर एकाच प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) ठेवा. पुण्यासाठी यूटीएम या जागतिक पद्धतीतला विभाग ४३ उत्तर. जुनी टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे) एव्हरेस्ट डेटम या जुन्या मोजमाप-आधारावर आहेत. ती रूपांतर न करता बसवली, तर रस्ते-ओढे भलतीकडे सरकतात.

खर्चाच्या पानावर पहिल्या वर्षाइतक्याच ठळकपणे पुढची पाच वर्षं मांडा: प्रत्येक बांधकाम परवानगी आणि फेरफार नकाशावर कोणत्या पदावरचा कर्मचारी, किती दिवसांत चढवणार. हा रकाना कोरा असेल, तर प्रस्ताव पुढे पाठवू नका.